महिना किती रुपयांचा?

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू मागवलेल्या मिसळीचे बिल मी चष्मा लावून दोनदा वाचले, त्याचे तुला हसू आले होते. चौकातल्या हॉटेलात बसून खाल्ली तर ती मिसळ ९० रुपयांना मिळते. अ‍ॅपवर तिचीच किंमत १२० होती. वर पॅकिंगचे १५, घरपोच आणण्याचे ३५, प्लॅटफॉर्म फी म्हणून १२ आणि शेवटी कर, अशी बेरीज १९० च्या पुढे गेली. एवढे करून तर्री गार झालेली आणि फरसाण मऊ पडलेले. "काका, शंभर रुपयांनी काय होते?" असे तू विचारलेस, तेव्हा मी गप्प राहिलो. शंभर रुपयांनी खरोखरच काही होत नाही, आणि उत्तर तिथे संपत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. टपरीवरचा चहा बंद कर, असे मी तुला सांगणार नाही. दात कोरून पोट भरत नाही. शिवाय त्या कटिंगच्या निमित्ताने चार माणसांशी जे बोलणे होते, त्याची किंमत मी कमी धरत नाही.

रोजच्या खर्चाचा जो हिशेब सगळीकडे सांगितला जातो, तो तूही ऐकला असशील. रोजचे १०० म्हणजे महिन्याचे ३,०००. ते दरमहा ५ तारखेच्या आत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये टाकले (५ तारीख उलटली तर त्या भरण्यावर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, हे जाता जाता लक्षात ठेव) आणि एप्रिल २०२० पासून चालत आलेला ७.१ टक्के दर तसाच राहील असे धरले, तर १५ वर्षांत भरलेल्या ५,४०,००० रुपयांचे सुमारे ९,४६,००० होतात. आकडा बरोबर आहे, पण तो सांगणारे पुढचे वाक्य गिळतात. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर त्या साडेनऊ लाखांत तेव्हा जे मिळेल ते आज साधारण साडेचार लाखांत मिळते. म्हणून या हिशेबाला मी खोटा म्हणत नाही, अर्धा म्हणतो. पंधरा वर्षांनंतरच्या लाखांची आशा दाखवून पंचविशीतल्या माणसाची सवय सुटल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मला काळजी वेगळ्या आकड्याची वाटते. तुझा महिना किती रुपयांचा आहे? हातात ४०,००० येतात. खोलीभाडे, मेस, पेट्रोल, बाहेरचे खाणे, हप्ते, रिचार्ज असे धरून तू ३६,००० खर्च करतोस आणि ४,००० उरतात, असे समज. याचा अर्थ, पगाराशिवाय एक महिना काढता यावा एवढी शिल्लक जमवायला तुला नऊ महिने नोकरी करावी लागते. तोच महिना ३०,००० चा असता, तर १०,००० उरले असते आणि तीन महिन्यांत एक महिना जमला असता. सहा महिन्यांची बेगमी करायला एकीकडे ५४ महिने, दुसरीकडे १८. खर्चात फरक सहा हजारांचा, पण वेळेत तिप्पट, कारण वाढलेली सवय दोन्हीकडून खाते: शिल्लक कमी करते आणि पगार थांबला तर दरमहा लागणारी रक्कमही वाढवून ठेवते. उद्या साहेबाशी पटले नाही, वडिलांना दवाखान्यात न्यावे लागले किंवा एखादा अभ्यासक्रम करावासा वाटला, तर तू राजीनामा देऊ शकतोस की नाही, हे त्या ५४ किंवा १८ वर ठरणार आहे.

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी तीस वर्षे काढली. हप्ते थकलेल्या माणसांपैकी उधळे फार थोडे होते. बहुतेकांचा महिना पगाराला टेकेल इतका ताणलेला असे, आणि मग आजारपण असो वा दोन महिने रखडलेला पगार, एवढ्याशा धक्क्याने सगळे कोलमडे. पगार वाढला की सवय एक पायरी चढते. पगार घटला तरी ती आपण होऊन उतरत नाही.

दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्या मला हे कळत होते, असे मात्र समजू नकोस. २००८ साली मी क्रेडिट कार्डावर १८,००० चा फ्रिज घेतला आणि बिलावर छापलेली किमान देय रक्कम दरमहा नेमाने भरत राहिलो. सात महिन्यांनी पत्नीने पावत्या टाचून पुढे ठेवल्या, तेव्हा सहा हजारांच्या आसपास भरून झाले होते आणि बाकी जेमतेम दोन हजारांनी उतरली होती. दिवसभर इतरांचे व्याज काढणाऱ्या माणसाने स्वतःचे कधी काढलेच नव्हते. आज अनेक कार्डांवर हे व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के पडते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. बिल पूर्ण भरले नाही, तर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे तुझ्या वयाच्या मुलांना कोणी सांगत नाही.

आणखी एक. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांची, म्हणजे तुमच्या सबस्क्रिप्शनची सूचना किमान २४ तास आधी पाठवणे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. तो संदेश तुला येतो आणि तू तो न उघडता बाजूला सारतोस. मी समोर बसून पाहिले आहे.

तेव्हा येत्या रविवारी येताना बँकेचे तीन महिन्यांचे स्टेटमेंट छापून आण. फोनवर दाखवू नकोस, मला पेन्सिलीने खुणा करायच्या आहेत. प्रत्येक सवयीपुढे तिची वर्षाची रक्कम तू स्वतः लिहायची. कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची, त्यात मी तोंड घालणार नाही. मिसळ खायला चौकापर्यंत चालत जाऊ. बिल मी देईन.

तुझा,
काका