तालीम बुडवायची नाही

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्री आला. लगेच उत्तर दिलं असतं तर रागाच्या भरात दिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो. राग पूर्ण गेलेला नाही, तेव्हा सांभाळून घे.

तू विचारतेस, आपल्या वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात शेवटच्या डेस्कवर बसून मी नेमकं काय करते? मी नसले तर कुणाला कळतं तरी का? घरी बसून सिनेमाच्या गाण्याचं एक रील टाकलं की हजारो लोक बघतात, आणि आपल्या कार्यक्रमाला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. म्हणून काही महिने रविवारची तालीम सोडून बघावी, असं तुझ्या मनात घोळतंय.

तुझा हात चांगला आहे, कान त्याहून चांगला आहे. ते तुलाही ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. पण तू नसलीस की कळतं. चांगलं कळतं.

गेल्या रविवारी तू आली नाहीस. कारण काय, तर मेगाब्लॉक. अगं, मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो ही काय बातमी झाली? शनिवारच्या पेपरात वेळांसकट छापून येतं. डोंबिवलीहून तासभर आधी निघायचं, संपलं. तुझ्या पाठीमागे काय झालं ते ऐक. एका डेस्कवर दोघं, दोघांत एक स्टँड, त्यावर एक पार्ट, म्हणजे आपल्या वाद्यापुरती लिहिलेली स्वरलिपी. आत बसलेल्याने पान उलटायचं आणि बाहेरच्याने वाजवत राहायचं, ही साधी वाटणी. आतली तू. तुझ्या शेजारचे अंकल सत्तरी ओलांडलेले. पान संपलं तसा त्यांनी बो (गज) मांडीवर ठेवला, चष्मा सावरला, बोट ओलं करून पान उलटलं आणि परत सुरात येईपर्यंत चार मात्रा नव्हे, चार ओळी पुढे गेल्या होत्या. मग ते थांबूनच राहिले. त्याच तालमीत लीडरने एका जागी बोइंग, म्हणजे बो वर-खाली न्यायची दिशा, फिरवलं. सगळ्यांनी पेन्सिलने खुणा केल्या. अंकलनी तुमच्या पार्टवरही केली, पण ती कागदावर आहे, तुझ्या हातात नाही. कार्यक्रमात सगळे बो खाली येतील तेव्हा एक वर जाईल, आणि ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसालाही शेवटच्या रांगेतून तो एक बो दिसेल.

म्हणून सांगतो, तालीम बुडवायची नाही.

दुसऱ्या व्हायोलिनला वाजवायला काही नसतं, हे तुझं दुसरं म्हणणं. आपण शुबर्टची ‘अनफिनिश्ड’ सिंफनी बसवतोय ना? सुरुवातीला चेलो आणि डबल बास खर्जात सावकाश बोलतात. ते थांबले की व्हायोलिनची ती सळसळ सुरू होते, सोळाव्या हिश्श्याचे बारीक स्वर, अगदी दबक्या आवाजात. तिच्यावर ओबो आणि क्लॅरिनेट ही फुंकवाद्यं मिळून धून धरतात. ती सळसळ काढून टाक आणि नुसती धून वाजवून बघ. उघडी पडते. पुढे चेलोची ती प्रसिद्ध धून येते, जी सगळं जग गुणगुणतं. तिच्याखाली आम्ही व्हायोलावाले (व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण) आणि क्लॅरिनेट ठोक्याच्या अधेमधे पावलं टाकत असतो. घरी येऊन आमचा भाग कुणी गुणगुणलेला मी ऐकला नाही. मी मात्र तो आयुष्यभर वाजवला आणि मला कधी कमीपणा वाटला नाही. (ही सिंफनी शुबर्टने १८२२ साली हाती घेतली, पण ती लोकांसमोर पहिल्यांदा वाजली १८६५ साली व्हिएन्नात, तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी. आपल्या धोबी तलावावरच्या फर्टाडो या वाद्यांच्या दुकानाचं नावही १८६५ पासूनचंच. तारा आणायला जाशील तेव्हा पाटी बघ.)

या शहरात वाद्यवृंद कसे उभे राहिले ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. झुबिन मेहतांचे वडील म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण आपल्यासाठी ते आधी मेहली. दहा वर्षं ते पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर बसले आणि त्यानंतर दहा वर्षं त्यांनी कंडक्टर म्हणून वाद्यवृंद चालवला. आधी खुर्ची, मग बॅटन. त्यांच्याकडे वाजवायला कोण होतं? हौशी पारशी, धोबी तलावाच्या कुडांमधून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांतून, राहणारे गोवेकर आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधले जवान. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, म्हणून इथे व्हायोलिनवाले मिळाले. बँडमुळे ट्रंपेट आणि क्लॅरिनेटवाले मिळाले. ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं मात्र ना चर्चच्या शाळेत, ना लग्नाच्या वरातीत.

यातच तुझ्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर आहे. एनसीपीएच्या सभागृहात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो तेव्हा मंचावर इतके परदेशी चेहरे का, असं तू चिडून विचारलंस. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो २००६ साली उभा केला तेव्हा पूर्ण सिंफनीला पुरतील इतके तयार वादक या देशात नव्हते. म्हणून बाहेरून आणले. पुढे तिथेच लहान मुलांसाठी अकादमी काढली. आता तू सांग, तुझ्या ओळखीत ओबो शिकणारं एक तरी पोर आहे? डोंबिवलीत, ठाण्यात, दादरला? नाही ना. मग चिडून काय उपयोग. खुर्ची रिकामी राहिली की तिच्यावर दुसरं कुणीतरी बसणारच.

रीलबद्दल मी नाक मुरडणार नाही. सिनेमाच्या गाण्यांनी या शहरातल्या वादकांची पोटं भरली आहेत. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस दिवसभर स्टुडिओत सिनेसंगीत वाजवायचे, वाद्यमेळ लिहून द्यायचे, प्यारेलालना व्हायोलिन शिकवायचे. त्याच माणसाने १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केले. स्टुडिओत एका वेळी डझनावारी व्हायोलिनं बसत, तोवर शहरात व्हायोलिनवाल्याला किंमत होती. मग सिंथेसायझर आला आणि एका माणसाने एका कीबोर्डवर सगळी रांग उठवली. तेव्हा कर रील, खुशाल कर. पण ते शनिवारी कर. रविवारची तालीम बुडवायची नाही.

रिकाम्या खुर्च्यांचं दुःख मलाही आहे. त्यावर तुम्ही मुलं म्हणता ‘मार्केटिंग करा’. मी स्मरणिकेच्या जाहिराती मागत हिंडलेला माणूस आहे. सहकारी बँक, सराफ, चष्म्याचं दुकान, सगळ्यांचे उंबरे झिजवले. पाव पानाच्या जाहिरातीसाठी तासभर बसवून ठेवतात आणि वर विचारतात, ‘हे ऑर्केस्ट्रा म्हणजे जुन्या गाण्यांचं ना?’ एका औषधवाल्याने मला चांगला वर्षभर टोलवला. शेवटी मी म्हटलं, पैसे देऊ नका, रविवारी दुकान बंद करून तालमीला येऊन बसा. आला. त्या दिवशी आम्ही एकच जागा पुन्हा पुन्हा घेत होतो, हॉर्नवाल्याचा स्वर दर वेळी फुटत होता, तो लालबुंद झाला होता. शेवटी एकदाचा स्वर लागला आणि सगळ्यांनी स्टँडवर बो आपटून त्याला दाद दिली. औषधवाला खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला. तेव्हापासून त्याची पूर्ण पानाची जाहिरात असते. शिवाय मेहुणा, व्याही, कोण कोण घेऊन तो पहिल्या रांगेत बसतो. कार्यक्रमाला लोक सूट घालून येतात आणि घरी जातात. माणसं जोडली जातात ती तालमीला, चहाच्या वेळी, डबल बास टॅक्सीच्या टपावर दोरीने बांधताना. आईला ‘हे आपलं नाही’ असं वाटतं ना? तिला कार्यक्रमाचं तिकीट देऊ नकोस. तालमीला आण.

आता थोडं माझं. तरुणपणी मी ज्या वाद्यवृंदात होतो तो बंद पडला. लोक म्हणतात पैसे संपले. पैसे कधी होते? हॉलचं भाडं आम्ही वर्गणी काढूनच भरायचो. बंद पडला तो तालमीला माणसं येईनाशी झाली म्हणून. आधी एकाचं ऑफिस, मग दुसऱ्याच्या मुलाची दहावी, मग पाऊस. कंडक्टर बिचारा निम्म्या रांगांपुढे उभा राहायचा, तेव्हा आलेल्यांनाही वाटायला लागलं, आपणच मूर्ख का? एका रविवारी आम्ही चौघं होतो. चौकडी वाजवून घरी गेलो आणि पुन्हा कुणी कुणाला फोन केला नाही. मी तरी करायला हवा होता, असं पुष्कळदा वाटतं. असो.

त्यानंतर या वाद्यवृंदात आलो ते डोक्यात एकच धरून. बँकेने बढती देऊ केली, नागपूरला. नाकारली. तुझ्या काकू आजही त्या पगाराचा हिशेब ऐकवतात. पुतण्याची मुंज रविवारी होती, मी अक्षता टाकून व्हायोला उचलून निघालो. भाऊ वर्षभर बोलला नाही. तू म्हणशील, हा हट्टीपणा झाला. असेल. पण आज आपल्या कपाटात पंचवीस-तीस सिंफनींचे पार्ट लागलेले आहेत, प्रत्येकावर कुणा ना कुणाच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि दर रविवारी दार उघडायला कुणीतरी असतं, हे काय आपोआप झालं? नागपूरला गेलो असतो तर मोठा साहेब झालो असतो. निवृत्तीनंतर साहेबाला कोण विचारतं, तेही मी पाहिलंय.

तुला मी माझ्यासारखं वाग असं म्हणत नाही. परीक्षा असेल, ताप असेल, घरात कुणी आजारी असेल तर येऊ नकोस, पण आदल्या दिवशी कळव, म्हणजे अंकलच्या शेजारी कुणाला तरी बसवता येईल. परदेशी शिकायला जायची संधी आली तर डोळे झाकून जा; पत्र मी लिहून देईन. पण इथे आहेस तोवर ‘काही महिने सोडून बघते’ हे चालणार नाही. गळती अशीच लागते.

येत्या रविवारी नेहमीचा हॉल मिळालेला नाही, लग्न आहे. चर्चच्या मागच्या शाळेत चार वाजता. खुर्च्या वरच्या मजल्यावरून आणायच्या आहेत, तेव्हा साडेतीनला ये. पावसाने खुंट्या फुगल्या असतील, जोर लावून फिरवू नकोस, तार तुटेल. मी साबणाचा तुकडा आणतो. बदललेलं बोइंग सोबत फोटो काढून पाठवलंय, ते तुझ्या घरच्या पार्टवर उतरवून घे. पेन्सिलने. मागच्या खेपेला तू बॉलपेन वापरलं होतंस.

तुझा,
काका