एनआयसीयूतल्या आईबाबांना योग शिकवायला निघालीयस ना, मग हे वाच

अगं,

तुझा पाऊण तासाचा प्लॅन बघितला, पवनमुक्तासनापासून शवासनापर्यंत सगळं छान बसवलंयस, पण त्यातलं बहुतेक एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, चालणार नाहीये. तुझ्यासमोर ज्या बसतील त्यातल्या बऱ्याच जणींचं सिझर होऊन चार-पाच दिवस झालेले असतात, टाके ओढत असतात, दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं असतं ते रात्रीसुद्धा, म्हणजे चोवीस तासांत आठ-दहा वेळा, आणि कान सगळा वेळ आतल्या मॉनिटरकडे. तिला पाऊण तास कुठून मिळणार? पाच मिनिटं मिळतील, ती पण प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यात बसेल तेवढंच घे.

कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं, पोटावर ताण येईल असं काहीही, सगळं बाजूला ठेव. डॉक्टर हो म्हणेपर्यंत आसनं नाहीतच. खांदे, मान, मनगटं, घोटे बसल्या बसल्या फिरवून घे, कारण बाळाच्या पेटीवर (इनक्युबेटरवर) वाकून आणि पंप धरून मान-पाठ पार आखडलेली असते. आणि मग श्वास, नाकाने साधा आत घ्यायचा आणि सोडताना जरा लांबवायचा, बस. आकडे मोजायला लावू नकोस, त्या बायका आधीच दिवसभर आकडेच मोजत असतात, वजन किती ग्रॅम वाढलं, ऑक्सिजन किती, दूध किती एमएल पचलं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, ते शरीर आपणहून करतं, योगावर विश्वास असो नसो.

डोळे मिटायचा आग्रह तर अजिबात नको. डोळे मिटले की काहींना परत ते ऑपरेशन थिएटरच दिसतं. "आता लक्ष पोटाकडे न्या" हे आपण सवयीने बोलून जातो, पण जिचं पोट सातव्या महिन्यातच रिकामं झालंय तिला हे ऐकून काय होत असेल बघ. लक्ष न्यायचंच तर तळव्यांकडे ने. भ्रामरी, म्हणजे ते भुंग्यासारखं गुणगुणणं, करायची तर बाहेरच्या खोलीत, आत नाही, एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि आधीच मशीनचे आवाज कमी नसतात.

वेळेबद्दल नीट ऐक, मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. दूध काढायच्या आधीची पाच मिनिटं पकड. ताण खूप असला की ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा फोडणारं हार्मोन, नीट सुटत नाही, दूध आत असतं पण पान्हा फुटत नाही, मग पंपात चार थेंब बघून बाई अजून घाबरते. त्यात कोणीतरी मावशी येऊन सांगतेच, रडू नकोस गं, दूध आटेल. आधीच रडू येतंय त्यात हा धाक! तू तरी असलं काही म्हणू नकोस, पॉझिटिव्ह राहा हे पण नको.

दुसरी वेळ कांगारूच्या आधीची. बाळाला आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर ठेवतात ते कांगारू मदर केअर, १९७८ ला बोगोटात डॉ. एडगर रे यांनी इनक्युबेटर पुरेनात म्हणून सुरू केलं. २०२१ ला डब्ल्यूएचओचा अभ्यास आला, भारतासकट पाच देशांतला, त्यात कमी वजनाच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यावर लगेच कांगारू दिलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या श्वासाच्या व्यायामाने असलं काही होत नाही, हे डोक्यात पक्कं ठेव. तिला त्या खुर्चीत खांदे सैल सोडून, न घाबरता तास-दोन तास बसता यावं, वायरींमधल्या एवढ्याशा जिवाला धरायचा धीर व्हावा, एवढ्यासाठी आपण जातो. तुझ्या सेशनच्या वेळेलाच कांगारू आलं तर सेशन रद्द.

बाबांना विसरू नकोस. ते पॅसेजमध्ये फाइल घेऊन उभे असतात, औषधं आण, बिल भर, सह्या कर, घरी फोन करून सगळं ठीक आहे सांग. बायकांच्या घोळक्यात ते येणार नाहीत, उभ्या उभ्याच दोन मिनिटं घे, पाय जमिनीवर घट्ट, जबडा सैल. आज्या पण असतात. पाचवी पुजायची राहिली, बारशाचं काय, आणि सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं नाही असलं काहीतरी आईला ऐकू येईल असं बोलतात. खरं तर बाळ जितके जास्त आठवडे पोटात राहील तितकं चांगलं, हे सिस्टरकडून सांगितलं तर ऐकतात, तू वाद घालू नकोस. त्यापेक्षा आजीलाच खांदे फिरवायला बसव.

एखादी बाई बोलायचीच बंद झाली, बाळाकडे जायला नको म्हणते, झोपायला वेळ मिळूनही झोप नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलली, तर तिथे श्वास शिकवत बसू नकोस, लगेच डॉक्टरांना सांग. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पण जवळ असू दे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाकी अंगठी-बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, अत्तर-उदबत्ती काही नाही, सर्दी असेल तर घरी बसायचं. आणि जायच्या आधी सिस्टर इनचार्जला फोन करून कांगारूच्या आणि फीडच्या वेळा विचार, त्यावरून तुझी वेळ ठरव, उलटं नको.