दार लावण्याआधी

प्रिय बाळा,

योम किप्पूरला, म्हणजे आपल्या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आजी 'दारफाळणीचा सण' का म्हणते, आणि दिवसभर उपाशी राहिलं की देव माफ करतो का, असं तू विचारलंस. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कोकणातले आपले बेने इस्रायल ज्यू लोक त्या दिवशी आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, दार लावून घरात बसत. म्हणून दार लावण्याचा सण.

दुसऱ्याचं उत्तर 'नुसत्या उपासाने नाही' असं आहे. का ते तोरातच, म्हणजे आपल्या धर्मग्रंथातच, दिलंय.

तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात महायाजकाने, म्हणजे मुख्य पुरोहिताने, त्या दिवशी काय करायचं ते क्रमाने सांगितलंय. आधी अंग धुवायचं. एरवीची सोन्याच्या तारांची वस्त्रं घालायची नाहीत. साधा तागाचा अंगरखा, चोळणा, कमरपट्टा आणि फेटा, एवढंच. मग बळी: पहिला बैल स्वतःच्या आणि स्वतःच्या घराच्या पापासाठी. लोकांसाठीचा बकरा त्यानंतर. पहिला महायाजक अहरोन याच्यासारख्यालाही आधी स्वतःचं निस्तरल्याशिवाय दुसऱ्यासाठी उभं राहता येत नव्हतं. पडद्याआडच्या सर्वात पवित्र जागी जाताना धुपाटण्यात वेदीवरचे निखारे आणि दोन ओंजळी बारीक कुटलेला धूप न्यायचा, धुराने तिथल्या कोशाचं, म्हणजे पवित्र पेटीचं, झाकण झाकलं जाईपर्यंत. तसं केलं नाही तर मरण. हा अध्याय सुरूच होतो अहरोनच्या दोन मुलांच्या मृत्यूच्या उल्लेखाने. नादाव आणि अवीहू यांनी देवाने न सांगितलेला अग्नी आणला होता. घाईने आणि मनाला येईल तसं देवासमोर जायचं नसतं.

पण खरी मेख आहे ती त्याच पुस्तकाच्या आधीच्या पानांवर. कुणाची ठेव हडपली, लुबाडलं, सापडलेली वस्तू लपवली आणि वर खोटी शपथ घेतली, तर काय करायचं? मूळ रक्कम परत, वर तिचा पाचवा हिस्सा. साधा अर्थ घेतला तर 100 रुपयांचे 120. तेही ज्याचं त्याच्याच हातात, दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा बळी, आणण्याच्या दिवशीच. मेंढा आणायचा तो याच्या जोडीने. इथेच बहुतेकजण चुकतात: ज्याचे पैसे बुडवले त्याला टाळून दानपेटीत टाकतात. दान चांगलंच, पण त्याने देणं फिटत नाही.

तसंच कबुलीचं. लेवीयच्या 5व्या अध्यायात म्हटलंय की ज्या बाबतीत पाप केलं तेच बोलून दाखवायचं. 'कळत नकळत काही चुकलं असेल तर माफ करा' असा एकच निरोप सगळ्यांना पाठवणं म्हणजे कबुली नव्हे. 'तुझ्याबद्दल मी वर्गात खोटं सांगितलं' असं, त्याच माणसाला, त्याच चुकीचं नाव घेऊन सांगायचं. आपल्या ऋषींनी मिश्नात, म्हणजे त्यांच्या नियमांच्या संग्रहात, हे स्पष्ट केलंय: माणसामाणसातलं पाप योम किप्पूरने धुतलं जात नाही, त्या माणसाची समजूत काढेपर्यंत. म्हणून ही कामं आदल्या संध्याकाळच्या आत उरकायची. एकदा दार लागलं की कुणाकडे जाणार?

यशया संदेष्टा तर फारच कडक बोलतो. तुमच्या हातांना रक्त लागलंय, कितीही प्रार्थना करा, मी ऐकणार नाही, असं देव म्हणतो. धुवा, वाईट सोडा, अनाथाला न्याय द्या. हिब्रूत पश्चात्तापाला 'तशुवा' म्हणतात, म्हणजे परतणं. नुसतं रडू येणं नव्हे, पावलं वळणं.

मग उपास कशाला? तोराचे शब्द 'जिवाला कष्ट द्या' असे आहेत. सुमारे 25 तास अन्नपाणी नाही, चामड्याची चप्पल नाही. पण तू अकराची आहेस, तुला पूर्ण उपास लागू नाही. नाश्ता थोडा उशिरा केलास तरी पुरे. माफी मागणं मात्र तुलाही जमण्यासारखं आहे.

संध्याकाळची शेवटची प्रार्थना 'नईला', म्हणजे बंद होणं. तेव्हा स्वर्गाची दारं लागत आली असं मानतात. मग शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजतो. दुसऱ्या दिवशी आजीचा 'शिळा सण': एकमेकांकडे जायचं आणि गरिबांना दान द्यायचं.

तुझी आई