ग्रेटिंगच्या (प्रकाश फाकवणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीच्या) प्रयोगाला ऑनलाइन मिळणारा स्वस्त हिरवा लेझर पॉइंटर चालेल का?
मी तरी वापरू देणार नाही. हिरव्या पॉइंटरच्या पोटात बहुधा ८०८ नॅनोमीटरचा डायोड असतो. त्यावरून आधी १०६४ चा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड आणि मग ५३२ चा हिरवा प्रकाश तयार होतो. स्वस्त मालात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बरेचदा नसतोच. इन्फ्रारेड दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही आणि दृष्टिपटल भाजू शकतं. लेबलवरच्या ‘५ मिलिवॅट’वर तर विसंबूच नका.

१ मिलिवॅटपर्यंतचा लाल, क्लास २ (लेझरचा सुरक्षा-वर्ग) डायोड लेझर घ्या. मुलांना उभं राहूनच काम करू द्या. स्टुलावर बसलं की डोळे नेमके किरणाच्या उंचीला येतात. घड्याळं, अंगठ्या काढायला लावा, त्यांवरून किरण परावर्तित होतो. आणि हो, सोडियम दिव्याच्या प्रयोगात दुर्बिणीतून बघायच्या सवयीने कुणीतरी स्पेक्ट्रोमीटरच्या (प्रकाशाचे रंग मोजायच्या उपकरणाच्या) दुर्बिणीला डोळा लावायला जातोच! लेझरचे ठिपके भिंतीवरच बघायचे.