इथिओपियाला निघण्याआधी एक रक्ततपासणी

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू वाळवा तालुक्यातल्या कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहेस. इथिओपियातल्या एका साखर कारखान्याचं दोन वर्षांचं बोलावणं आलंय आणि बायको व चार वर्षांचा मुलगा बरोबर न्यायचा विचार आहे. मुलाला जन्मल्यावर जास्त कावीळ झाली होती, निळ्या दिव्याखाली ठेवला होता आणि डिस्चार्ज कार्डावर 'जी-सिक्स-पीडी डेफिशियंट' असा शेरा आहे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींतलं त्या नावाचं एन्झाइम कमी. आता कुणीतरी सांगितलं की अशांना मलेरियाची औषधं चालत नाहीत. तर दादा, जावं का न जावं?

माझं मत जावं असंच आहे. पण 'मलेरियाची औषधं चालत नाहीत' हे अर्धवट वाक्य आधी डोक्यातून काढ. ते धरून बसलास तर पोराला ताप आल्यावर चालणारं औषधही द्यायला घाबरशील आणि मलेरिया तेवढा वेळ थांबत नाही. मी डॉक्टर नाही, तुझ्यासारखाच बॉयलिंग हाऊसमधला माणूस. पण ही कमतरता माझ्याही रक्तात आहे आणि ती मला इथिओपियातल्याच अवॉश नदीच्या खोऱ्यात, फार महागात कळली.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर मला व्हायवॅक्स जातीचा मलेरिया झाला. तिथं मलेरियाला 'वबा' म्हणतात. क्लिनिकमध्ये क्लोरोक्विन दिलं आणि सोबत प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या. जी-सिक्स-पीडीचं नावही कुणी काढलं नाही. आमच्या इथून निघतानाच्या मेडिकलमध्येही ती तपासणी नव्हती. छातीचा फोटो, शुगर, एचआयव्ही आणि 'फिट'चा शिक्का, झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी पाहिली तर पातळ केलेल्या मळीच्या रंगाची. वाटलं, पाणी कमी पडलं. दुपारी जिना चढताना धाप लागली, कंबर धरली. खोलीतला कराडचा सोबती म्हणाला, "डोळे बघ की आरशात, हळद लावल्यागत झाल्यात." हिमोग्लोबिन चौदाचं आठवर आलं होतं. नशिबानं एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी पहिली गोळी बंद केली ती प्रायमाक्विनची. रक्त चढवायची वेळ आली नाही, पण पाच दिवस खाटेवर काढले आणि पुढं महिनाभर कारखान्यात साखर शिजवायच्या पॅनच्या मजल्यावर चढताना दोनदा थांबावं लागायचं.

आत काय घडतं ते केमिस्टला सांगायला सोपं आहे. प्राणवायू वाहणाऱ्या पेशीला ऑक्सिडेशनचा मारा सतत बसतो. त्यापासून वाचवणारं ग्लुटाथायोन पुन्हा पुन्हा ताजं करायला एनएडीपीएच नावाचं रसायन लागतं. बाकीच्या पेशींना ते आणखी वाटांनी मिळतं, तांबड्या पेशीला मात्र मुख्यतः जी-सिक्स-पीडी या एका एन्झाइमच्या जिवावर काढावं लागतं. ते कमी असलं तरी एरवी काही जाणवत नाही, माणूस पन्नास वर्षं ऊस तोडेल. प्रायमाक्विनसारखं औषध गेलं की मारा वाढतो, हिमोग्लोबिन खराब होतं आणि पेशी फुटतात. लघवीत दिसतो तो त्याचाच रंग. हे कोडं १९५६ साली उलगडलं. अमेरिकेत शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग चालत, त्यात काहींचंच रक्त का फुटतं हे शोधताना या एन्झाइमची कमतरता सापडली. कैद्यांवर प्रयोग करणं बरोबर का, हा वेगळाच विषय आहे.

आता औषधं. धोक्याची मुख्य दोन: प्रायमाक्विन आणि त्याचंच नवं भावंड टॅफेनोक्विन. दुसरं जास्त सांभाळायचं, कारण ते शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं. प्रायमाक्विन तिसऱ्या दिवशी बंद करता येतं, टॅफेनोक्विनचा एक डोस पोटात गेला की परत काढता येत नाही. म्हणून ते देण्याआधी एन्झाइम नॉर्मलच्या ७० टक्क्यांच्या वर असल्याचं मोजून पाहावं लागतं. क्लोरोक्विन, आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन आणि गंभीर आजारात शिरेतून देतात ते आर्टेसुनेट, हे सगळं नेहमीच्या डोसात आपल्यासारख्यांना दिलं जातं. म्हणजे जीव वाचवणारी औषधं तुझ्या पोराला मिळणार आहेत. फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या जातीवर प्रायमाक्विनचा एकच छोटा डोस देतात, किलोमागे पाव मिलिग्रॅम. तो रोग्यासाठी नसतो, त्याच्यापासून डासाला लागण होऊ नये म्हणून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याला तपासणीची अट नाही. तरी डॉक्टरला कमतरता सांगायचीच.

मग प्रायमाक्विन देतात तरी कशाला? व्हायवॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात, क्लोरोक्विन रक्तातले मारतं, झोपलेल्यांना हात लावत नाही. मी पुढं प्रायमाक्विन घेतलंच नाही, तर सात महिन्यांत ताप दोनदा उलटला. शेवटी रजेवर आल्यावर मिरजेतल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा याप्रमाणे आठ आठवडे गोळी दिली, किलोमागे पाऊण मिलिग्रॅम. दर वेळी हिमोग्लोबिन पाहून मगच पुढची. कमतरता असलेल्यांसाठी हा रस्ता आहे, पण डॉक्टरच्या नजरेखाली. तिथं राहून आपल्या मनानं करायचा नाही, एवढं माझ्यासाठी कर.

तपासणीत मी फसलो ते सांगतो. तो प्रसंग झाल्यावर दोन आठवड्यांनी अदिस अबाबात तपासलं, रिपोर्ट 'नॉर्मल'. मी खूश. तीन महिन्यांनी मिरजेत पुन्हा केली तर एन्झाइम फारच कमी. झालं असं की जुन्या, दुबळ्या पेशी सगळ्या फुटून गेल्या होत्या आणि अंगात नव्या कोऱ्या पेशी होत्या. नव्या पेशीत एन्झाइम जास्त असतं. म्हणून रक्त फुटल्यावर किंवा रक्त चढवल्यावर लगेच केलेल्या तपासणीवर विसंबू नये. तुझ्या मुलाची तपासणीही तान्हेपणातली, काविळीतली आहे. आता ठणठणीत असताना पुन्हा कर आणि आकडा देणारी कर. नुसता 'आहे-नाही' सांगणारी स्पॉट टेस्ट अगदी कमी असणारे पकडते, मधले सुटतात.

मधले म्हणजे मुख्यतः बायका. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, त्यामुळे तुझा मुलगा कमतरतेचा असेल तर वहिनींकडे एक बिघडलेली प्रत जवळजवळ नक्कीच आहे. त्यांच्या निम्म्या पेशी चांगल्या, निम्म्या दुबळ्या असू शकतात किंवा प्रमाण कमीजास्त. त्यांचा आकडा मुलाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा. तुझा वेगळा कर, त्याचा मुलाशी संबंध नाही. गरोदरपणात प्रायमाक्विन कुणालाच देत नाहीत, तेव्हा दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तेही आधी डॉक्टरांशी बोला.

वहिनींच्या माहेरी चौकशी कर, विशेषतः त्यांच्या भावांची, मामांची. माझं निदान झाल्यावर आई सहज म्हणाली, "तुझ्या थोरल्या मामालाबी हिवतापाच्या गोळ्या उष्ण पडल्या हुत्या की, पिवळा झालता." तीस वर्षं ही माहिती घरात होती! आणि आपल्या भागात मामाची पोरगी करायची रीत. कमतरता असलेल्या मामाच्या सगळ्या मुली ते जनुक घेऊन येतात. भाचाही तसाच असेल तर मुलग्यांप्रमाणे मुलींमध्येही निम्मी शक्यता पुऱ्या कमतरतेची. आमच्या नात्यात हे एका घरात झालंय.

तिकडच्या जेवणाचंही ऐक. अदिसला उतरलास की लोक कौतुकानं शिरो खायला घालतील. नाव शिऱ्यासारखं, चव आणि रूप थेट पिठल्याचं. शाकाहारी माणसाला तो देश बरा, बुधवार-शुक्रवार त्यांचा उपास असतो आणि सगळीकडे बिनमांसाचं ताट मिळतं. पण शिरोच्या पिठात हरभऱ्याबरोबर बाकला, म्हणजे इंग्रजीतलं फावा बीन, असू शकतो, तिथं त्याला बाकेला म्हणतात. न्याहारीला 'फूल' नावाचा पदार्थ असतो, तो तर बाकल्याचाच. या एन्झाइमच्या कमतरतेत बाकल्यानंही रक्त फुटतं, आणि लहान मुलांत जास्त. निव्वळ हरभऱ्याचं पीठ मागायचं, ते मिळतं. घरात डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांनीही रक्त फुटतं. तान्ह्या बाळाचे कपडे त्यात ठेवलेले असतात आणि निदान भलतीकडेच जातं. लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरॅन्टोइन आणि कातडीच्या रोगांवरचं डॅप्सोन हेही त्या यादीत.

डासांचं म्हणशील तर अदिस साडेसात हजार फुटांवर, तिथं मलेरियाची भीती नाही. कारखाने खाली, गरम खोऱ्यांत. सप्टेंबर ते डिसेंबर सगळ्यात वाईट. मी तुझ्या जागी असतो तर जानेवारीत एकटा रुजू झालो असतो, क्वार्टरच्या खिडक्यांना जाळ्या मारल्या असत्या, जवळच्या दवाखान्यात आकडा देणारी तपासणी होते का पाहिलं असतं आणि मग मंडळींना बोलावलं असतं. रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांत अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आपल्याला चालतं. डॉक्सीसायक्लिनही चालतं, पण इतक्या लहान मुलाला देत नाहीत. दोन वर्षं रोज गोळी कुणी घेत नाही हे मलाही ठाऊक आहे, निदान ते चार महिने तरी घ्या. पाण्याचं बॅरल झाकून ठेव. शहरातल्या टाक्यांत वाढणारा, मलेरिया पसरवणारा आपल्याकडचा स्टिफेन्साय डास २०१६ साली तिथं सापडला आणि २०२२ मध्ये तिथल्या दिरे दावा शहरात त्यानं मोठी साथ पसरवली. आपल्याआधी जाऊन स्थायिक झालाय गडी. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, परत येताना आपल्याच विमानतळावर दाखला मागतात.

शेवटचं काम कार्डाचं. मी पाकिटात एक जाड कागद ठेवतो: एका बाजूला इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला अम्हारिकमध्ये, 'जी-सिक्स-पीडी कमतरता, प्रायमाक्विन व टॅफेनोक्विन देऊ नये, मलेरियाची इतर औषधं द्यावीत'. ते शेवटचं वाक्य मी नंतर वाढवलं. पहिल्या कार्डावर ते नव्हतं, तर एका नर्सनं घाबरून क्लोरोक्विनही हातात दिलं नाही आणि मी रात्रभर हुडहुडत बसलो. मुलाच्या गळ्यात नको, तो हरवेल, दप्तराच्या आतल्या कप्प्यात शिवून टाका.

मिरजेत तिघांचीही तपासणी एकाच दिवशी होईल. रिपोर्ट आला की आकडा, त्याचं एकक आणि त्या लॅबची नॉर्मलची मर्यादा, तिन्ही लिहून पाठव. त्याच दिवशीचं हिमोग्लोबिनही कळव. नुसतं 'नॉर्मल आलं दादा' असं लिहू नकोस.