बागेत खणताना जुन्या नाण्यांचं मडकं सापडलं, घरी ठेवता येईल का?

गुपचूप ठेवता येणार नाही, आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १८७८ चा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायदा अजून लागू आहे आणि मूळ कायद्यातली किमतीची मर्यादा जेमतेम १० रुपये, म्हणजे मूठभर तांब्याची नाणीही त्यात येतात. अर्जात वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली हे लिहा. मुंबईत कुलाबा ते माहीम-सायन शहर जिल्हा, वांद्र्यापासून पुढे उपनगर जिल्हा, म्हणून अर्ज योग्य कार्यालयात द्या आणि पोच घ्या. लपवलं तर हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सोसायटीची बाग असेल तर हे आधीच बोलून घ्या. सरकारने स्वतः घ्यायचं ठरवलं तर मोबदला मिळतो.

तोवर चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. हिरवट थर घासला की अक्षरंही जातात आणि नाण्याची ओळखच पुसते. खड्डा किती खोल होता ते मोजा, पट्टी ठेवून फोटो काढा, नाणी मातीसकट कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुंबईची दमट हवा कोंडते आणि गंज वाढतो.

मात्र तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता ११२ ला फोन करा.