वाचकांचे प्रश्न : तज्ज्ञ पशुवैद्यांकडे जाण्याचा खर्च

प्रश्न : आमची लॅब्रेडॉर कुत्री सहा वर्षांची असून तिचे वजन 36 किलो आहे. दीड महिन्यापूर्वी जिना उतरताना ती जोरात केकाटली आणि तेव्हापासून मागचा उजवा पाय नीट टेकवत नाही. गोळ्या सुरू असेपर्यंत बरे असते, त्या संपल्या की पुन्हा लंगडते. आमच्या डॉक्टरांनी गुडघ्याचे लिगामेंट तुटल्याचे निदान करून पुण्यातील अस्थिशल्यतज्ज्ञांकडे पाठवले आहे. तेथे फोनवर सुमारे 90 हजार रुपयांचा अंदाज सांगितला, शिवाय एक्स-रे आणि रक्ततपासणी पुन्हा करावी लागेल असेही कळले. घरात यावरून दोन तट पडले आहेत. एवढा खर्च खरोखरच आवश्यक आहे का, आणि रुग्ण पाठवण्यामागे डॉक्टरांचे आपसांत काही ठरलेले असते का? – एक वाचक, मिरज

उत्तर : तज्ज्ञांचे मत घेणे आणि त्यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि तुमच्या घरात जो वाद चालला आहे तो हे दोन्ही एकत्र धरल्यामुळे चालला आहे, असे पत्रावरून वाटते. पहिल्यासाठी तपासणी शुल्क आणि प्रवास एवढाच खर्च येतो, आणि तो तुम्ही जरूर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. दुसऱ्याचा निर्णय त्या भेटीनंतर, हातात लेखी अंदाजपत्रक घेऊन, शांतपणे घ्यावा. गुडघ्याचा हा विकार गर्भाशयात पू होणे किंवा पोटाला पीळ पडणे यांसारखा तातडीचा नाही. दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही, मात्र वर्षभर टाळत राहिल्यास मांडीचे स्नायू वाळतात, सांध्यातील कूर्चेची गादी फाटू शकते आणि संधिवात वाढत जातो.

कुत्र्यांत हे लिगामेंट बहुतेक वेळा एका झटक्यात तुटत नाही. ते आतून हळूहळू झिजत आलेले असते आणि जिन्यावरची एखादी उडी केवळ निमित्त होते. म्हणूनच एका पायाचे लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचा दुसरा गुडघाही पुढे त्याच वाटेने जातो. पैशांचा विचार करताना ही शक्यता आजच धरून चालावे, आणि हेही तज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. पंधरा किलोपर्यंतची कुत्री विश्रांती, वजन कमी करणे आणि वेदनाशामक औषधे यांवर पुष्कळदा समाधानकारक चालू लागतात. 36 किलोच्या लॅब्रेडॉरबाबत तशी आशा कमी असते, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी पुढे पाठवले हे योग्यच केले.

90 हजारांचा आकडा ऐकून धक्का बसणे साहजिक आहे. तुम्हाला सांगितलेली शस्त्रक्रिया बहुधा टीपीएलओ असावी. तिच्यात नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोल करवतीने कापून, ठरावीक कोनात फिरवून, प्लेट आणि स्क्रूने पक्का करतात, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटविनाही गुडघा स्थिर राहतो. यासाठी लागणारी प्लेट, वायूची भूल, भूल सांभाळणारे स्वतंत्र डॉक्टर, शस्त्रक्रियेतील एक्स-रे आणि मुक्काम या सगळ्यांचे पैसे लागतात. माणसांच्या रुग्णालयात हाच खर्च अनेकदा विमा कंपनी किंवा सरकारी योजना उचलते, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. येथे तो सगळा तुमच्या खिशातून जातो, आणि हा भार खरोखरच मोठा आहे.

तपासण्या पुन्हा करण्याविषयीची तुमची शंका रास्त आहे. मात्र या शस्त्रक्रियेसाठी कोन मोजावा लागतो आणि त्याकरिता गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात ठेवून, दोन्ही सांधे एकाच चित्रात येतील असा बाजूने काढलेला एक्स-रे हवा असतो. निदानासाठी काढलेला साधा एक्स-रे तिथे कामाचा ठरेलच असे नाही. तुमच्याकडे डिजिटल एक्स-रे असेल तर त्याची मूळ फाइल केंद्राकडून मागून घ्या आणि निघण्यापूर्वीच पुण्याला पाठवा. खिडकीला फिल्म धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून कोन मोजता येत नाही. रक्ताच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेऊ नका असे म्हणेन. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे एर्लिकियासारखे आजार सर्रास आढळतात, त्यांत प्लेटलेट्स घटतात आणि कुत्रे बाहेरून ठणठणीत दिसत असतानाही शस्त्रक्रियेत रक्तस्राव आटोक्याबाहेर जाऊ शकतो. दीड महिन्यापूर्वीचा अहवाल यासाठी जुना आहे.

खर्च कमी करण्याचे प्रामाणिक मार्ग आहेत. पुण्याच्या वाटेवरच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय आहे आणि तेथे शल्यचिकित्सेचा पदव्युत्तर विभाग आहे. अशा शिक्षणसंस्थांतील शुल्क खासगी रुग्णालयांपेक्षा बरेच कमी असते. ही शस्त्रक्रिया तेथे सध्या होते का, प्लेट आपणच आणून द्यावी लागेल का आणि किती थांबावे लागेल, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. मुंबईच्या बाजूला राहणाऱ्या वाचकांसाठी परळ येथे 1886 मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरा मार्ग म्हणजे सांध्याबाहेरून भक्कम धागा बांधून गुडघा स्थिर करण्याची तुलनेने स्वस्त शस्त्रक्रिया. वजनदार कुत्र्यात तिचे यश टीपीएलओइतके भरवशाचे नसते, पण काहीच न करण्यापेक्षा ती कित्येकदा चांगली ठरते. टाके काढणे आणि जखमेची देखभाल तुमच्या डॉक्टरांकडे मिरजेतच होऊ शकते. सहा ते आठ आठवड्यांनी काढायचा एक्स-रेही तेथेच काढून पुण्याला पाठवता येईल का, हे आधी ठरवून घ्यावे, म्हणजे गाडीभाड्याच्या फेऱ्या वाचतील.

तज्ज्ञांसमोर बसल्यावर आपली ऐपत पहिल्याच भेटीत सांगा. अनेक पालक संकोचामुळे मान डोलावतात आणि घरी जाऊन फोन उचलणे बंद करतात. त्यात नुकसान मुक्या जनावराचे होते. अंदाजपत्रक लेखी मागा, त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असावेत. जंतुसंसर्ग झाल्यास किंवा प्लेट काढावी लागल्यास तो खर्च कोणाचा, हेही विचारा. प्रत्येक महागड्या तपासणीपूर्वी “हिच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?” असे नम्रपणे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे घेणे अनैतिक आहे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. पण तुमच्या पत्रात तसा संशय घ्यावा असे काही दिसत नाही. स्वतःच्या आवाक्याबाहेरचे काम पुढे सोपवणारा डॉक्टर ते उत्पन्न स्वतःहून सोडत असतो. तरीही मन स्वच्छ होत नसेल तर त्यांच्याकडे दुसऱ्या एखाद्या केंद्राचेही नाव मागा, आणि चिठ्ठीत आतापर्यंतची औषधे, त्यांची मात्रा आणि तारखा लिहून घ्या. एक कळकळीची विनंती : तोपर्यंत घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तिला देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकमुळे कुत्र्यांच्या जठरात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

प्रश्न : मांजरीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या बिलात संपूर्ण रकमेवर जीएसटी लावला आहे. हे बरोबर आहे का? आता तिचा विमा काढला तर उपयोग होईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पशुवैद्यकीय दवाखान्याने प्राण्यांना दिलेली आरोग्यसेवा 2017 पासून जीएसटीमुक्त आहे, त्यामुळे तपासणी आणि शस्त्रक्रियेच्या शुल्कावर हा कर लागत नाही. स्वतंत्रपणे विकलेली औषधे, खाद्य आणि केसांची निगा यांची गोष्ट वेगळी आहे. बाबवार बिल मागून घ्या आणि दुरुस्तीसाठी लेखी अर्ज द्या. विम्याबाबत सांगायचे तर, आधीपासून असलेला आजार सर्वसाधारणपणे विम्यातून वगळला जातो, म्हणून या डोळ्यासाठी त्याचा उपयोग होणार नाही. घरात दुसरे लहान पिल्लू असेल तर त्याच्यासाठी विचार करावा, मात्र वयाची अट, प्रतीक्षाकाल, लसीकरणाच्या नोंदी आणि ओळख पटवण्यासाठी मायक्रोचिप लागते का, हे पॉलिसीत वाचल्याशिवाय हप्ता भरू नये.